समीकरण : लिहिलेलें, छापलेलें आणि ऐकलेलें

नभोवाणीवरून गणिताविषयीं बोलावयाचें म्हणजे एक अडचण प्रारंभींच उभी राहते. "अ अधिक ब भागिले क" असें मी येथून म्हटलें, तर आपणांपैकीं कांहीं जण अ आणि ब यांची बेरीज करून तिला क नें भागतील. आणि कांहीं जण आधीं ब ला क नें भागून मग त्यांत अ मिळवितील. अ म्हणजे ६, ब म्हणजे ४ आणि क म्हणजे २ धरले, तर पहिल्यांचें उत्तर ५ येईल आणि दुसऱ्यांचें ८. दोहोंपैकीं कोणाहि पक्षाला चूक म्हणतां येणार नाहीं, कारण माझे शब्द दोघांसहि सारखेच अनुकूल आहेत. हेंच फळ्यावर लिहून दाखविलें तर मात्र वादाला जागाच उरत नाहीं. भागाकाराची आडवी रेघ अ पासून ओढली आहे कीं केवळ ब च्याच खालीं ओढली आहे, एवढ्यावरून निवाडा होतो.

याचा अर्थ असा कीं, समीकरणांत अर्थ केवळ अक्षरांत नसतो. तो अक्षरांच्या जागेंतहि असतो. आपलें बोलणें एका ओळीनें चालतें, शब्दामागून शब्द. छापील मजकूरहि एका ओळीनेंच चालतो. समीकरणाला मात्र मजले असतात. घातांक वर बसतो, छेद खालीं बसतो, वर्गमूळाचें चिन्ह आपल्या छायेखालीं साऱ्या राशीला घेतें. एका ओळीच्या जगांत हें मजल्यांचें घर उभारावें कसें, हा प्रश्न गणित्यांइतकाच मुद्रकांनाहि शेंकडों वर्षें भेडसावीत आला आहे. त्या प्रश्नाचा इतिहास आज थोडक्यांत सांगावयाचा आहे. तो सांगण्याचें कारण असें कीं, या इतिहासांत एकच गोष्ट पुनःपुन्हा सिद्ध होते : समीकरण हें चित्र नव्हे, तें वाक्य आहे, आणि ज्यांनीं ज्यांनीं हें ओळखलें, त्यांच्याच युक्त्या टिकल्या.

आपल्याकडील परंपरेपासून आरंभ करूं. भास्कराचार्यांनीं शके १०७२ मध्यें, म्हणजे इ. स. ११५० मध्यें, 'सिद्धान्तशिरोमणि' रचिला. 'बीजगणित' हा त्याचाच एक भाग. ग्रंथ पद्यांत आहे, कारण तो मुखोद्गत करावयाचा होता. परंतु श्लोकांत सांगितलेलें उदाहरण सोडवावयाचें तर तें डोळ्यांपुढें मांडावें लागे; आणि या मांडण्याला 'न्यास' असें समर्पक नांव होतें. अज्ञात राशीला 'यावत्तावत्' म्हणत, म्हणजे 'जेवढी असेल तेवढी'. आणि लिहितांना तिचें आद्याक्षर 'या' लिहीत. आणखी अज्ञात राशी आल्या तर त्यांना रंगांचीं नांवें : कालक, नीलक, पीतक, आणि लिहितांना का, नी, पी. ज्ञात संख्येला 'रूप' म्हणत व 'रू' लिहीत. संख्या ऋण असेल तर तिच्या डोक्यावर एक टिंब देत.

या ग्रंथांतील घोड्यांचें उदाहरण प्रसिद्ध आहे. एका मनुष्याजवळ ३०० रूपें आणि ६ घोडे आहेत. दुसऱ्याजवळ १० घोडे आहेत, पण त्याला १०० रूपांचें ऋण आहे. दोघांची संपत्ति सारखी आहे, तर एका घोड्याचें मोल किती? याचा न्यास असा : वरच्या ओळींत 'या ६ रू ३००', आणि तिच्या बरोबर खालीं 'या १० रू १००', या शेवटल्या शंभरावर ऋणाचें टिंब. येथें बरोबरीचें चिन्ह कोठेंच नाहीं. एक ओळ दुसरीच्या खालीं आहे, हीच बरोबरी. या च्या खालीं या आणि रू च्या खालीं रू आल्यामुळें वजाबाकी नुसत्या नजरेनें होते : ४ घोड्यांचें मोल ४०० रूपें, अर्थात् एकाचें १००. चाळीसगांवानजीक पाटण येथील शिलालेख सांगतो कीं, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानें आपल्या आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठीं तेथें मठ स्थापिला. तेराव्या शतकाच्या आरंभीं त्या मठांत विद्यार्थ्यांनीं असे न्यास कितीतरी वेळां मांडले आणि पुसले असतील.

याहूनहि जुना पुरावा म्हणजे पेशावरजवळील बख्शाली गांवीं १८८१ सालीं सांपडलेली भूर्जपत्राची पोथी. ती आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयांत आहे. तींत अपूर्णांक लिहितांना एक संख्या दुसरीच्या खालीं लिहिली आहे, पण मध्यें रेघ नाहीं; अज्ञात राशीच्या जागीं टिंब आहे; आणि गंमत अशी कीं, ऋण संख्येच्या पुढें जें चिन्ह आहे तें आज आपण बेरजेसाठीं वापरतों त्यासारखें दिसतें. संख्यांची मांडणी पुष्कळ ठिकाणीं चौकटींत घातली आहे, जणूं लेखक वाचकाला बजावीत आहे कीं, येथें ओळीचे नियम संपले आणि मांडणीचे नियम सुरू झाले. चिन्हें कोणतीं आणि त्यांचा अर्थ काय, हें काळ आणि देश ठरवितात. परंतु गणिताला जागेची भाषा लागते, ही गोष्ट सर्वत्र एकच.

हातानें लिहिणाऱ्याला या जागेची अडचण कधींच भासली नाहीं. बोरू वर जातो, खालीं जातो, रेघ हवी तितकी लांब ओढतो. अडचण उत्पन्न झाली ती मुद्रणकलेबरोबर. शिशाचा खिळा म्हणजे एक चौकोनी ठोकळा. त्याच्या माथ्यावर उलटें अक्षर. जुळारी हे खिळे एकाशेजारीं एक बसवून ओळ तयार करतो, आणि ओळींवर ओळी रचून त्या फर्म्यांत घट्ट आवळतो. हें सर्व आवळलें जातें तें सगळे ठोकळे सारख्या उंचीचे असतात म्हणून. आतां या ओळींत एक अपूर्णांक आला अशी कल्पना करा. वर अंश, मध्यें रेघ, खालीं छेद; तिन्ही मिळून ओळीच्या दुप्पट उंच. मग जुळाऱ्यानें लहान खिळे शोधावे, रेघेसाठीं पितळेची पट्टी मापून कापावी, अंश आणि छेद मधोमध यावेत म्हणून दोहों बाजूंस कोरे ठोकळे बसवावे, आणि शेजारच्या साध्या अक्षरांच्या वर-खालीं शिशाच्या पट्ट्या भरून सर्व एका उंचीला आणावें. एक ठोकळा केसभर सैल राहिला, तर सारा फर्मा उचलतांना विस्कटावयाचा. म्हणजे वाचकाला जी जागा कोरी दिसते, तींतहि जुळाऱ्यानें धातूच भरलेला असतो.

गणिताच्या ग्रंथांना छापखान्यांत पोंचण्यास वेळ लागला तो उगाच नव्हे. युक्लिडच्या भूमितीची पहिली छापील आवृत्ति एर्हार्ड राटडोल्ट यानें १४८२ सालीं व्हेनिस येथें काढली. इतकीं पुस्तकें छापलीं जात असतां गणिताचीं एवढीं थोडीं कां, याचें कारण आकृति छापण्याची अडचण हेंच असल्याचें त्यानें आपल्या अर्पणपत्रिकेंत सांगितलें आहे. त्यानें आकृति रुंद समासांत बसविल्या आणि मजकुराची ओळ अबाधित ठेविली. समीकरणांना मात्र समासांत हांकलून देतां येत नाहीं. तीं मजकुराच्या पोटांतच वावरतात.

पुढील दीडशें वर्षांत आज आपल्या परिचयाचीं चिन्हें एकेक करून छापील पानावर आलीं. अधिक आणि उणें हीं चिन्हें योहान विडमान याच्या १४८९ सालीं लाइपझिग येथें छापलेल्या पुस्तकांत दिसतात. बरोबरीचें चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्श वैद्य-गणित्यानें १५५७ सालीं आपल्या पुस्तकांत प्रथम वापरलें. "च्या बरोबर आहे" हे शब्द पुनःपुन्हा लिहिण्याचा त्याला कंटाळा आला होता. आणि सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघांहून अधिक सारखें काय असणार, असा त्याचा युक्तिवाद होता. पण हें चिन्ह रुळावयास फार काळ लागला. पुढील सुमारें साठ वर्षें तें छापील पुस्तकांत जवळजवळ आढळतच नाहीं. फ्रान्समध्यें फ्रांस्वा व्हिएत यानें १५९१ सालीं अज्ञात राशींसाठीं स्वर आणि ज्ञात राशींसाठीं व्यंजनें योजिलीं. नंतर १६३७ सालीं देकार्त याचा भूमितीवरील ग्रंथ लायडन येथें छापला गेला. त्यांत ज्ञात राशींना वर्णमालेंतील आरंभींचीं अक्षरें, अज्ञातांना शेवटचीं, आणि घातांक उजवीकडे वरच्या अंगास लहान अंकानें, ही आजची पद्धति स्थिर झालेली दिसते. त्या शेवटच्या अक्षरांपैकीं एक्स हेंच अधिक कां वापरलें गेलें, याविषयीं एक कथा सांगतात. वाय आणि झेड हे खिळे फ्रेंच मजकुरांत फार खर्ची पडत, एक्सचे मात्र शिल्लक राहत. म्हणून मुद्रकानें एक्सचाच आग्रह धरला, असें तींत म्हटलें आहे. या कथेला भक्कम पुरावा नाहीं. परंतु ती रचावीशी वाटली आणि टिकली, यावरून गणिताच्या लेखनांत जुळाऱ्याच्या पेटीचाहि हात असतो, ही जाणीव लोकांना होती एवढें खरें.

ही जाणीव ज्या एका थोर गणित्याला पुरतेपणीं झाली तो लाइब्निट्स. चिन्हांची निवड हा त्याच्या चिंतनाचा मोठा विषय होता. योहान बर्नुली याला १६९८ सालीं लिहिलेल्या पत्रांत तो म्हणतो कीं, गुणाकाराची फुली आपणांस पसंत नाहीं, कारण ती एक्स या अक्षराशीं सहज घोटाळते. तिच्याऐवजीं साधें टिंब बरें. राशींचा गट दाखविण्यासाठीं त्या काळीं त्यांच्या डोक्यावरून आडवी रेघ ओढीत. ती जुळाऱ्याला तापदायक. म्हणून लाइब्निट्सनें कंसांचा पुरस्कार केला. भागाकारासाठीं वर-खालीं रचना करण्याऐवजीं दोन टिंबें. कंस, टिंब आणि दोन टिंबें यांत समान काय आहे तें पहा : हीं सर्व ओळींतच बसतात. लाइपझिगच्या विद्वन्मान्य नियतकालिकानें १७०८ सालीं हीच पद्धति अंगीकारिली. आज शाळेंतला मुलगा कंस सोडवितांना जी कटकट करतो, तिच्या मुळाशीं तीनशें वर्षांपूर्वींच्या जुळाऱ्याची सोय आहे, हें त्याला सांगितलें तर कदाचित् कंसांवरचा त्याचा राग थोडा शमेल!

हाच विचार एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांत पुढें गेला. ऑगस्टस डी मॉर्गन हा गणिती जन्मानें आपल्याकडील मदुरेचा. अपूर्णांकाची आडवी रेघ तिरपी करून ती ओळींतच बसवावी, अशी सूचना त्यानें १८४५ सालीं केली. जॉर्ज स्टोक्स यानें १८८० सालीं आपल्या लेखसंग्रहांत ती प्रत्यक्ष वापरली आणि इतरांस आग्रहानें सांगितली. आपण पत्त्यांत किंवा तारखेंत जी तिरपी रेघ देतों तीच ही. तिच्या योगानें तीन मजल्यांचा अपूर्णांक एका मजल्यावर आला. मात्र त्याबरोबर कंसांची संख्या वाढली. जागेचा अर्थ काढून घेतला कीं त्याची भरपाई चिन्हांनीं करावी लागते. हा व्यवहार चुकत नाहीं.

जो हा व्यवहार मानीत नाहीं त्याचें काय होतें, याचें उदाहरण म्हणून जर्मन तर्कशास्त्रज्ञ गोटलोब फ्रेगे याच्याकडे पहावें. त्यानें १८७९ सालीं तर्काची एक नवीन लिपि प्रसिद्ध केली. विचाराच्या दृष्टीनें ती अपूर्व. आधुनिक तर्कशास्त्राचा पायाच तिनें घातला. परंतु तिची मांडणी झाडाच्या फांद्यांसारखी वर-खालीं पसरणारी होती. पान विलक्षण दिसे, जागा फार खाई, आणि जुळाऱ्याची परीक्षा पाही. ती लिपि दुसऱ्या कोणीं उचलली नाहीं. तिच्या अपयशाचें एवढेंच कारण होतें असें नव्हे. पण हें एक कारण निश्चित होतें. याच्या उलट, तूरिन येथील जुझेप्पे पेआनो. त्यानें आपलीं तर्कचिन्हें अशीं बेतलीं कीं, सूत्र एकाच ओळींत बसावें. इतकेंच नव्हे, तर १८९८ सालीं त्यानें स्वतःच एक छापयंत्र मिळविलें आणि आपला सूत्रसंग्रह स्वतःच्या देखरेखीखालीं छापूं लागला. लेखक आणि जुळारी यांच्यामधील अंतर त्यानें आपल्यापुरतें नाहींसें केलें. आज तर्कशास्त्रांत जीं चिन्हें चालतात त्यांतील कित्येकांचें मूळ पेआनोकडे जातें. फ्रेगेचा विचार जगला, पण पेआनोच्या लेखणींतून.

विसाव्या शतकांत यंत्रें आलीं. मोनोटाइप यंत्र एकेक खिळा स्वतंत्र ओतून ओळ लावी. त्यामुळें गणिताच्या पुस्तकांसाठीं तेंच अधिक सोयीचें ठरलें. तरीसुद्धां मोठीं चिन्हें, लांब रेघा आणि उंच कंस शेवटीं कुशल कामगारानें हातानेंच बसवावे लागत. हें काम महाग असे, आणि इंग्लंड-अमेरिकेंतील मुद्रक गणिताच्या मजकुराला 'दंडाचा मजकूर' अशा अर्थाचें नांव देऊन त्याचा जादा दर लावीत. ऑक्सफर्डच्या मुद्रणालयांतून १९५४ सालीं गणिताच्या मुद्रणावर एक स्वतंत्र पुस्तकच निघालें. तें गणिती आणि मुद्रक यांनीं मिळून लिहिलें होतें. त्याचा मुख्य हेतु हा कीं, लेखकांनीं आपलें गणित खिळ्यांना झेपेल असें लिहावें.

त्याच सुमारास मुंबईंत या प्रश्नाचें एक निराळेंच उत्तर दिलें गेलें. श्रीनिवास रामानुजन् १९२० सालीं वारले. त्यांच्या वह्यांत हजारों सूत्रें होतीं, बहुतेक सिद्धतेवांचून. सूत्रांची दाटी अशी कीं, अपूर्णांकाच्या छेदांत अपूर्णांक आणि त्याच्याहि छेदांत अपूर्णांक, अशी सांखळी पानभर उतरत जावी. टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें १९५७ सालीं या वह्या दोन खंडांत प्रसिद्ध केल्या, त्या खिळे न जुळवितां; रामानुजनांच्या हस्ताक्षराच्या पानांचीं छायाचित्रें घेऊन. त्या महापुरुषाचा हात जगाला पहावयास मिळाला, हा मोठाच लाभ. परंतु छायाचित्र हें दाखवितें, सांगत नाहीं. त्या पानांचें वाचन, उलगडा आणि सिद्धता करून तीं रीतसर छापण्याचें काम अमेरिकन गणिती ब्रूस बर्न्ट यांनीं केलें. त्यांचे पांच खंड १९८५ पासून १९९८ पर्यंत निघत होते. चित्राचें वाक्य करण्यास इतकें श्रम पडले. या दोन प्रकाशनांतील फरक लक्षांत ठेवावा. तो पुढें पुन्हा भेटणार आहे.

१९६० नंतर शिशाचे खिळे मागें पडूं लागले आणि छायाचित्रणानें अक्षरें उठविणारीं यंत्रें आलीं. खर्च कमी झाला, पण गणिताचें पान कुरूप झालें. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत ब्रायन कर्निघन आणि लोरिंडा चेरी या दोघांनीं संगणकाकडून समीकरणें जुळवून घेण्याची एक पद्धति १९७५ सालीं प्रसिद्ध केली. तिचें तत्त्व आजच्या आपल्या विषयाला फारच जवळचें आहे. समीकरण जसें आपण मोठ्यानें वाचून दाखवूं, तसेंच तें यंत्राला लिहून द्यावयाचें : "अ भागिले ब", "क्ष चा वर्ग", "शून्यापासून अनंतापर्यंत बेरीज", वर-खालीं बसविण्याचें काम यंत्राचें. ही कल्पना कर्निघन यांना सुचण्यास एक कारण होतें. विद्यार्थिदशेंत ते अंधांसाठीं तांत्रिक पुस्तकें वाचून ध्वनिमुद्रित करण्याचें काम स्वयंसेवक म्हणून करीत असत. जो मनुष्य समीकरणें डोळ्यांनीं पाहून दुसऱ्याच्या कानांपर्यंत पोंचवितो, त्याला तीं वाक्यें आहेत हें वेगळें शिकवावें लागत नाहीं.

याच सुमारास डोनाल्ड क्नूथ या स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांना आपल्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीचीं मुद्रितें मिळालीं. पहिली आवृत्ति मोनोटाइपच्या खिळ्यांनीं छापलेली, देखणी. नवीं मुद्रितें पाहून त्यांचें मन विटलें. तें साल १९७७. त्यांनीं हातांतला ग्रंथ बाजूस ठेवून अक्षरजुळणीचा संगणकीय कार्यक्रमच लिहावयास घेतला. कांहीं महिन्यांत उरकेल असें वाटलेलें काम सुमारें दहा वर्षें चाललें. त्या कार्यक्रमाचें नांव 'टेक', ग्रीक अक्षरांवरून घेतलेलें. त्याची रचना पाहिली तर जुना जुळारीच पुन्हा भेटतो. प्रत्येक अक्षर ही एक पेटी; तिला रुंदी, उंची आणि खोली. पेट्यांच्या मध्यें लवचिक जागा. पेट्यांची ओळ, ओळींची पेटी, पेट्यांचें पान. शिशाचा ठोकळा गेला, पण त्याचा हिशेब राहिला. आणि अंश मधोमध आणण्यासाठीं बाजूला किती कोरें सोडावें, हें जें जुळारी बोटांनीं जाणे, तें आतां अंकांत लिहिलें गेलें. क्नूथ यांनीं हा कार्यक्रम विनामूल्य दिला, चूक दाखविणाऱ्याला धनादेश देण्याची प्रथा पाडली, आणि प्रत्येक नवीन आवृत्तीला वर्तुळाच्या परीघ-व्यासाच्या गुणोत्तराचा एकेक अधिक अंक जोडीत नेलें : ३.१, ३.१४, ३.१४१, अशी ती संख्या पूर्णतेकडे सरकत राहते, पोंचत कधींच नाहीं. पुढें लेस्ली लॅम्पोर्ट यांनीं त्यावर 'लाटेक' ही अधिक सोपी रचना उभारिली. पेआनोला त्यासाठीं छापयंत्र मिळवावें लागलें होतें. आतां प्रत्येक गणिती स्वतःचा जुळारी झाला.

यानंतरची कथा विचित्र वळणाची आहे. माहितीच्या विश्वव्यापी जाळ्याची कल्पना १९८९ सालीं जिनीव्हाजवळील सर्न या प्रयोगशाळेंत टिम बर्नर्स-ली यांनीं मांडली. ती जागा भौतिकशास्त्रज्ञांची. पण त्यांच्यासाठीं जन्मलेल्या त्या जाळ्याच्या भाषेला समीकरण लिहितांच येत नव्हतें! परिच्छेद, मथळा, यादी, दुवा, सर्व होतें, अपूर्णांक नव्हता. मग लोकांनीं जुनाच सोपा मार्ग धरला. समीकरण अन्यत्र जुळवावयाचें, त्याचें चित्र काढावयाचें, आणि तें चित्र मजकुरांत डकवावयाचें. हीं चित्रें ओळीशीं नीट बसत नसत. अक्षर मोठें केलें तर चित्र लहानच राही किंवा अंधुक होई. त्यांतील एक चिन्ह उचलून घेतां येत नसे, शोधतां येत नसे. रामानुजनांच्या वह्यांना छायाचित्राखेरीज त्या वेळीं गत्यंतर नव्हतें; येथें तर जुळविलेल्या वाक्याचेंच आपण होऊन चित्र करून टाकलें जात होतें.

ही उणीव भरून काढण्यासाठीं १९९८ सालीं 'मॅथएमएल' नांवाची पद्धति मान्य झाली. तींत हा अंश, हा छेद, हा घातांक, असें समीकरणाच्या प्रत्येक अवयवाला नांव देऊन लिहावयाचें असतें. पद्धति झाली, पण जाळ्यावरील पानें दाखविणारे कार्यक्रम तिला जुमानीनात. अखेर २०१० सालीं 'मॅथजॅक्स' हा विनामूल्य कार्यक्रम निघाला. तो वाचकाच्याच संगणकावर, पान उघडतांच, लाटेकमध्यें लिहिलेलें समीकरण जुळवून दाखवितो. त्यामुळें एखादा शिक्षक किंवा विद्यार्थी कोणाहि मुद्रकाचें तोंड न पाहतां आपल्या स्वतःच्या पानावर सुबक समीकरणें मांडूं लागला. गूगलच्या 'क्रोम'नें मॅथएमएल २०१३ सालीं घेतलें आणि त्याच वर्षीं काढून टाकलें. तें पुन्हा आणलें गेलें २०२३ च्या जानेवारींत. जाळें निघाल्यापासून तीस वर्षांहून अधिक काळ लोटल्यावर त्या सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या कार्यक्रमाला अपूर्णांक स्वतः लिहितां येऊं लागला!

श्रोतेहो, आपण विचाराल, चित्र दिसलें काय आणि जुळविलेलें समीकरण दिसलें काय, डोळ्यांना सारखेंच. मग हा खटाटोप कशासाठीं? याचें उत्तर ज्यांना डोळे नाहींत त्यांनीं दिलें आहे. अब्राहम नेमेथ हे अमेरिकेंतील अंध गणिती. ब्रेल लिपि बोटांनीं ओळीओळीनें वाचावयाची. वर-खालीं मजले तेथें चालत नाहींत. नेमेथ यांनीं 'येथें अपूर्णांक सुरू झाला', 'येथें रेघ', 'येथें तो संपला', अशीं निराळीं चिन्हें योजून १९५२ सालीं गणिताची ब्रेल पद्धति प्रसिद्ध केली. लाइब्निट्सचे कंस आणि नेमेथ यांचीं चिन्हें एकाच कुळांतलीं.

दुसरें उदाहरण आपल्या पुण्याचें आहे. टी. व्ही. रामन् हे पुण्यांत वाढले आणि चौदाव्या वर्षीं त्यांची दृष्टि गेली. पुण्याच्या वाडिया महाविद्यालयांत त्यांनीं गणिताची पदवी घेतली, पुढें मुंबईच्या आय. आय. टी. मध्यें शिक्षण घेऊन ते अमेरिकेंत कॉर्नेल विद्यापीठांत गेले. तेथें १९९४ सालीं त्यांनीं डॉक्टरेटसाठीं जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय होता टेकमध्यें लिहिलेलें गणित संगणकाकडून वाचवून घेणें. त्यांच्या कार्यक्रमांत घातांक आला कीं आवाजाची पट्टी चढते, खालचें चिन्ह आलें कीं उतरते. जागेचा अर्थ स्वरांत येतो. मीं प्रारंभीं घातलेल्या "अ अधिक ब भागिले क" या कोड्याचें हें उत्तर आहे. पण तें शक्य झालें कां? टेकच्या लिखाणांत समीकरणाची घडण शाबूत होती म्हणून. त्याच समीकरणाचें चित्र समोर ठेवलें असतें, तर तो कार्यक्रम मुकाच राहिला असता.

म्हणून, आपल्या पानावर समीकरण मांडणाऱ्या प्रत्येकानें स्वतःला एक प्रश्न विचारावा : मी दाखवीत आहें, कीं सांगत आहें? मराठींत गणित लिहूं इच्छिणाऱ्यांवर ही जबाबदारी थोडी अधिकच आहे. रोमन अक्षरांसाठीं घडविलेल्या या साधनांत देवनागरी क्ष आणि य समीकरणाच्या पोटांत बसवितांना आजहि खटपट पडते, आणि कंटाळून चित्र डकविण्याचा मोह होतो. तो आवरावा. ज्या देशांत या आणि रू एकाखालीं एक मांडून घोड्याचें मोल काढलें गेलें, त्या देशांतल्या भाषेंतलें समीकरण शोधणाऱ्याला सांपडावें, उतरून घेणाऱ्याला उतरतां यावें, आणि न पाहणाऱ्याला ऐकूं यावें, एवढी अपेक्षा मोठी नाहीं. पूर्वींच्या जुळाऱ्यानें कोऱ्या दिसणाऱ्या जागेंतहि धातु भरला, म्हणून पान उभें राहिलें. आतां त्याच्या जागीं आपण बसलों आहोंत. त्याची ती काळजी आपल्याकडे आली आहे.